अर्ध्या अंघोळीत पाणी गार कोण करतं?

"ताई, आम्ही मुलुंडला राहतो. बारा मजली इमारत, आमचा चौथा मजला. घरात चौघं: सासू-सासरे, नवरा आणि मी. मागच्या दिवाळीआधी बाथरूम नवीन केलं तेव्हा हौसेनं मोठ्या ताटाएवढा शॉवर बसवून घेतला. गिझर जुनाच, १५ लिटरचा. माझं ऑफिस फोर्टात. रात्री साडेआठला लोकलमधून घामानं चिंब होऊन येते आणि दहा-बारा मिनिटं शॉवरखाली उभी राहते. दिवसातलं तेवढंच सुख. सासरे तेव्हा बाहेर येरझारा घालत असतात. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे. तीन मिनिटं होत नाहीत तोच पाणी गार! ते बटण बंद करतात याची मला खात्री आहे. विचारलं तर म्हणतात, 'मी हातसुद्धा लावला नाही.' वर ऐकवतात की परळच्या चाळीत आम्ही एका बादलीत अंघोळी केल्या, तुझ्या शॉवरमुळे विजेचं बिल फुगलं. मेचं बिल खरंच खूप आलंय. स्वतः मात्र रोज सकाळी पाणी आलं की बाथरूममधलं ५० लिटरचं पिंप 'शिळं' म्हणून ओतून देतात आणि नवं भरतात. त्यात पाऊस लांबला म्हणून सोसायटीनं पाणी जपून वापरायची नोटीस लावली आहे. नवरा म्हणतो, गॅसचा गिझर लावू, भांडणच मिटेल. मी शॉवर सोडून बादलीवर येऊ का? चूक कोणाची?"

वयानं माझ्या लेकीएवढी आहेस, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

आधी सासऱ्यांवरचा आळ काढून टाकू. त्यांनी बटण दाबलं की नाही हे मला इथे बसून कळणार नाही. पण तिसऱ्या मिनिटाला पाणी गार व्हायला त्यांनी बोटसुद्धा उचलायची गरज नाही. तापलेल्या गिझरचं बटण बंद केलं म्हणून आतलं पाणी लगेच थंड होत नाही, काही तास गरम राहतं. तुझं पाणी गार होतं, कारण टाकी संपते.

माझ्या आजीकडे गिरगावात तांब्याचा बंब होता. कढत पाणी घंगाळात काढायचं आणि वर विसण, म्हणजे गार पाणी, घालायचं. विसण किती घालायचं याचा तिचा अंदाज कधी चुकला नाही. नातवंडं नऊ होती, बंब एकच. तुझा गिझर म्हणजे तोच बंब, फक्त विसण नळातून येतं. १५ लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापलं आणि सध्याच्या दिवसांत नळाचं पाणी २८ अंशांच्या आसपास धरलं, तर अंगावर घ्यायचं ४० अंशांचं पाणी त्यातून फार तर ४० लिटर तयार होतं. तेही कागदावर. गरम पाणी वरून बाहेर पडत असताना खालून गार पाणी टाकीत शिरत असतं आणि मिसळत जातं. हाताशी तीस-पस्तीस लिटर लागले तरी नशीब समज.

आता तुझा शॉवर. चौथ्या मजल्यावर राहतेस, पाण्याची टाकी बाराव्याच्या वर गच्चीत. मधे आठ मजले, म्हणजे साधारण पंचवीस मीटरचा उतार. दर दहा मीटरला अंदाजे एक बार दाब वाढतो. तुझ्या नळाला अडीच बारच्या घरात दाब आहे आणि त्याखाली तू ताटाएवढा शॉवर लावलास. बाराव्या मजल्यावरच्या बाईला विचार, तिच्याकडे त्याच शॉवरमधून नुसती रिपरिप येत असेल. तुझ्याकडे मिनिटाला बारा-तेरा लिटर सहज पडत असणार. तीस-पस्तीस लिटर भागिले तेरा. आलं ना गणित? अडीच मिनिटं. सासऱ्यांनी हातसुद्धा लावला नसावा, असं मला तरी वाटतं.

हे अंदाज माझे आहेत. तू मोजून बघ. गेल्या वर्षी मी आमच्या बोरिवलीच्या घरी मोजलं. शॉवरखाली बादली ठेवली आणि आमच्या ह्यांना मोबाइल घेऊन दारात उभं केलं. ते म्हणाले, वेड लागलंय का तुला. बादली भरली १ मिनिट २५ सेकंदांत. वीस लिटरची बादली म्हणून मी खूश होऊन गणित करायला बसले, तेवढ्यात शंका आली. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं बादली भरून पाहिली, तर सोळा बाटल्या आणि वर थोडं, एवढ्यातच ती काठोकाठ! दुकानदारानं मला वीस सांगून सोळाची दिली होती आणि दहा वर्षं मी वीसच समजत होते. तरीसुद्धा मिनिटाला साडेअकरा लिटर निघाले. मी स्वतःला काटकसरी समजायचे.

तेरा लिटरनं बारा मिनिटं म्हणजे १५६ लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, संडास, सगळं आलं. तुझी रात्रीची एक अंघोळ त्या सगळ्याच्या पुढे जाते. इथे सासऱ्यांचा मुद्दा खरा आहे. पण त्यातली गंमत बघ: एवढं पाणी ओतून तुला गरम पाण्याची मिनिटं मिळतात अडीच. उरलेली साडेनऊ मिनिटं तू कुढत गार पाण्याखाली उभी असतेस.

म्हणून शॉवर सोडू नकोस, त्याची धार कमी कर. मिनिटाला सहा-सात लिटर पडतील इतकी. मग तेच तीस-पस्तीस लिटर पाच मिनिटं पुरतात, आणि साबण लावताना शॉवर बंद ठेवलास तर अख्खी अंघोळ गरम पाण्यात होते. दिवसभर उभ्यानं प्रवास करून आलेल्या बाईला कावळ्याची अंघोळ करायला मी सांगणार नाही. पाच मिनिटं पाणी अंगावर, मधे चार-पाच मिनिटं बंद शॉवरखाली साबण, शाम्पू आणि मान चोळणं. पस्तीस लिटरच्या आत काम होतं. सासरे दोन बादल्या घेत असतील तर तेही जवळपास तिथेच.

धार कमी करायचे दोन-तीन मार्ग आहेत. शॉवर आणि भिंतीतून आलेली दांडी यांच्या मधे, आट्यांच्या जागी, मध्यावर बारीक भोक असलेली प्लास्टिकची किंवा रबराची चकती बसते. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, स्वस्त असते. शॉवर आट्यांवरून काढायचा, चकती टाकायची, टेफ्लॉन टेपचे चार वेढे मारून परत बसवायचा. प्लंबरही लागत नाही. किंवा कमी पाण्याचा लहान शॉवर घे; त्यात पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरल्यासारखी वाटते. घेताना खोक्यावर मिनिटाला किती लिटर लिहिलंय ते बघ. काहीच लिहिलं नसेल तर पुढचं दुकान गाठ. एक चूक मात्र करू नकोस. गिझरखालचा अँगल कॉक अर्धा बंद करून पाणी वाचवल्याचं समाधान मानू नकोस. त्यानं फक्त गरम पाणी कमी होतं, गार तेवढंच धो-धो येतं. मग तू मिक्सर गरमकडे फिरवत बसतेस. गरम आणि गार जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे, म्हणजे शॉवरपाशीच, अडवणूक हवी. (बाराव्या मजल्यावरच्या बाईला हे काहीच सांगू नकोस. तिला दाब वाढवायला हवाय.)

शॉवरची छिद्रं काही महिन्यांनी वाकडीतिकडी पिचकारी मारू लागली तर तो काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेव. महापालिकेचं तलावाचं पाणी मृदू असतं, पण कपातीच्या दिवसांत सोसायट्या टँकर मागवतात, त्यात बोअरचं पाणी असतं. ते क्षाराचं. गिझरच्या कॉइलवरही तोच पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला वेळ लागतो.

आता वीज. पाण्याचा आणि विजेचा हिशेब तुम्ही घरात एकाच वहीत मांडताय, म्हणून भांडण सुटत नाही. एक युनिट वीज ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापवते. मुंबईत असो की महाबळेश्वरात, यात फरक पडत नाही. तुझ्या गिझरची अख्खी टाकी २८ वरून ६० वर न्यायला लागतं अर्ध्या युनिटच्या थोडं वर. गिझर २ किलोवॉटचा असेल (पाटीवर २००० लिहिलेलं असतं) तर १७-१८ मिनिटांत काम फत्ते. मग थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडतो. तू आत असताना तो परत थोडा वेळ पेटतो, धर आणखी पाव युनिट. महिन्याला तुझ्या अंघोळीचे वीस-पंचवीस युनिट. मेचं बिल त्यानं फुगलं? खोलीत एसी आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर दीड टनाचा एसी तासाला एक युनिट किंवा जास्त खातो. रात्रभर चालला की तुझ्या अंघोळींची दहा दिवसांची वीज एका झोपेत जाते. मुलुंडला बहुतेक घरांना महावितरणचं बिल येतं. त्याच्या मागच्या बाजूला टप्पे बघ: १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, पुढे चौथा. मेमध्ये घर पुढच्या टप्प्यात गेलं की वरच्या प्रत्येक युनिटला जास्त पैसे पडतात, आणि दोष जातो बाथरूममध्ये सापडलेल्या माणसावर.

सासऱ्यांना गिझर तासभर चालू दिसला की धडकी भरत असेल. त्यांना तो लाल दिवा दाखव. दिवा गेला म्हणजे मीटर गिझरसाठी फिरत नाहीये. तरी दिवसभर चालू ठेवणं बरोबर नाहीच; टाकी हळूहळू निवते आणि गिझर पुन्हा पुन्हा तापवत बसतो. नव्या गिझरवरचे तारे हेच सांगतात, पाणी न वापरता नुसतं धरून ठेवायला तो किती वीज घालवतो. जुन्यात ही गळती जास्त असते. पहिल्या अंघोळीच्या वीस मिनिटं आधी बटण, मग एकामागून एक अंघोळी, शेवटचा आत गेला की बंद. तुमच्याकडे कोण सहाला, कोण आठला, कोण पेपर वाचून झाल्यावर अंघोळ करत असेल तर ती सवय तुझ्या शॉवरपेक्षा महाग आहे.

आणि रात्री साडेआठला, या दिवसांत, गिझर लावायचाच कशाला? गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उभी असते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी नळाचं पाणी कोमटच येतं, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. गच्चीत काळ्या टाक्या असतील तर विचारूच नकोस. चार दिवस बटण न लावता करून बघ. पाऊस सुरू होईपर्यंत तरी चालेल. डिसेंबरात मी आग्रह धरणार नाही.

पाणी गच्चीवर चढवायलाही पंपाला वीज लागते, ती सोसायटीच्या सामाईक बिलात जाते. पण बारा मजले चढवून हजार लिटरला पाव युनिटही जेमतेम लागतं. त्याची चिंता सोड.

पिंपाचं बोलू. इथे सासरे चुकतात, आणि हे मी चाळीत वाढलेली म्हणून सांगते. आमच्याकडेही पहाटे चारला नळ यायचा, आणि आदल्या दिवशीचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतलं जायचं. तेव्हा पिंपाला झाकण नसायचं आणि दहा हात त्यात बुडायचे, त्यामुळे त्या रीतीला काही अर्थ होता. आज झाकणाच्या पिंपातलं पाणी एका रात्रीत नासत नाही. ते पाणी येतं कुठून ते सासऱ्यांना ठाऊक आहे, रोज पेपरात तलावांची पातळी वाचत असतील. भातसा, तानसा, वैतरणा, शंभर-शंभर किलोमीटरवरून. तानसाचं धरण १८९२ सालचं, तिथल्या मोठ्या जलवाहिन्या मुलुंडवरूनच पुढे शहरात जातात. भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन, पिण्याजोगं होऊन ते तुमच्या बाथरूममध्ये पोचतं. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. २०२४ च्या जूनमध्ये तलावांतलं पाणी कमी झालं तेव्हा मुंबईत १० टक्के कपात झाली, आणि त्याही दिवसांत आमच्या इमारतीत सकाळी पिंपं ओतल्याचा आवाज येत होता. रोज ५० लिटर म्हणजे महिन्याला दीड हजार लिटर.

पण त्यांना 'तुम्ही पाणी वाया घालवता' म्हणू नकोस. ७०-७५ च्या माणसाला सून हे म्हणते तेव्हा पुढचं एक अक्षर ऐकू जात नाही. सांग, बाबा, कालचं पाणी ओतू नका, सकाळची तुमची अंघोळ त्यातच करा आणि मग नवं भरा. शिळंही राहिलं नाही आणि वायाही गेलं नाही. आठवड्यातून एक दिवस मात्र पिंप पूर्ण रिकामं करून, आतून घासून, कोरडं करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. अशी त्यांची ओतायची हौसही भागेल.

गॅसच्या गिझरबद्दल तुझ्या नवऱ्याला माझा निरोप: बाथरूमच्या आत अजिबात नाही. पाणी झटपट तापतं, गॅस स्वस्तही पडतो, हे खरं आहे. पण बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला आधी गरगरतं, आणि कडी उघडायचं भान येण्याआधी तो खाली पडतो. मुंबईत असे मृत्यू झालेले आहेत, बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बारा मिनिटं दार लावून अंघोळ करणारी तू, म्हणजे धोका तुलाच जास्त. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत, धूर थेट बाहेर सोडणाऱ्या नळीसह, आणि तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच. तुमच्याकडे तशी गॅलरी नसेल तर विषय संपला. तसंही हा गिझर आला तर पाणी संपतच नाही, मग अंघोळ वीस मिनिटांवर जाईल आणि भांडण मिटण्याऐवजी सोसायटीपर्यंत पोचेल.

सोसायटीची नोटीस म्हणशील तर एक अडचण मला मान्य आहे. बहुतेक इमारतींत पाण्याचं मीटर एकच असतं आणि बिल फ्लॅटप्रमाणे वाटलं जातं. तू निम्मं पाणी वापरलंस तरी तुझे पैसे कमी होणार नाहीत. गरम पाणी कमी वापरलंस तर विजेचे मात्र होतील, तुझ्याच मीटरवर.

राहिला प्रश्न सासऱ्यांशी बोलायचा. रविवारी सकाळी, पाणी आलेलं असताना, त्यांनाच घड्याळ घेऊन बाथरूमच्या दारात उभं कर. बादली तू धर, वेळ त्यांनी मोजायची. नळाच्या रांगेत जन्म काढलेल्या माणसाला पाणी मोजायला सांगितलं की तो खुलतो. आमच्या ह्यांनी नंतर बेसिनचे, स्वयंपाकघरातले, सगळे नळ मोजले आणि शेजारच्यांकडेही गेले. आकडे वहीत मांडा. मग चकती बसवून पुन्हा मोजा. आणि बटणाबद्दल त्यांची माफी माग, भले मनात शंका उरली असली तरी.

भरलेली बादली ओतून टाकू नका, त्याच पाण्यात त्यांची अंघोळ होऊ दे. आणि मोजायच्या आधी बादली नक्की किती लिटरची आहे ते बाटलीनं तपासून घे.